भोंग्याचा रविवारचा रकाना

बाळाचं खरं नाव फार सुंदर होतं, पण ते दवाखान्याच्या कागदावरच राहिलं. घरात सगळे त्याला भोंगा म्हणायचे. आवाजच तसा! नऊ महिन्यांचा जीव, वजन जेमतेम आठ किलो, आणि एकदा सूर लावला की खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू पायडल थांबवून वर छताकडे बघायच्या.

भोंग्याची आई बस चालवायची. डेपोत तिला ड्रायव्हरबाई म्हणत, आणि नवराही चिडवायच्या लहरीत असला की तेच म्हणे. भली थोरली बस ती लोण्यातून सुरी फिरवावी तशी वळवायची, पण आठ किलोचा भोंगा काही तिला झोपवता येत नव्हता. तो झोपायचा फक्त खांद्यावर. खांदा तिचाच, आणि तोही चालता हवा. बसलं की रडला, थांबलं की रडला. रात्रीतून पाच वेळा उठून ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची, आणि पहाटे साडेपाचला स्टिअरिंगवर बसायची.

मग जे व्हायचं ते झालं. गेल्या मंगळवारी लाल सिग्नलला बस उभी होती, सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि बस जागची हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ! शेवटी पुढच्या सीटवरच्या आजोबांनी छत्रीच्या टोकानं तिच्या दंडाला टोचलं, "अहो बाई, घर आलं का तुमचं?"

सगळी बस हसली. ती नाही हसली. बस चालती असताना डुलकी लागली असती तर? पाठीमागे चाळीस माणसं होती.

डेपोच्या साहेबांनी आवाजही चढवला नाही. "शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी घ्या. सोमवारी झोप झालेल्या डोळ्यांनी या. पुन्हा असं झालं तर मग तिकीट खिडकी. कायमची."

झालं! घरात सभा भरली.

"दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलंय," ती म्हणाली. "जागा असतानाच पाळण्यात ठेवायचा आणि बाहेर यायचं. तीन मिनिटांनी आत जायचं, थोपटायचं, उचलायचं नाही. मग पाच मिनिटांनी. मग दर दहा मिनिटांनी. तीन दिवसांत शिकतो म्हणे."

"आत्ता नको गं सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "दात येतायत त्याला. दात येऊन जाऊ देत."

"मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, सर्दी जाऊ दे."

"मग गेली ना सर्दी?"

"आई, दातांनंतर चालायला लागेल, मग शाळा, मग परीक्षा," नवरा म्हणाला. "लग्नात नवरदेवाला खांद्यावर घेऊन फिरायचं का हिनं?"

कानातलं ऐकण्याचं मशीन काढून सासूबाईंनी डबीत ठेवलं आणि टक् करून झाकण लावलं. "मला ऐकवणार नाही. म्हणून मी ऐकणारच नाही. तुम्ही करा काय ते."

नवऱ्याचीही सोय होती. तो छापखान्यात होता. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे कानात नारिंगी बोळे घालतात आणि समोरचा काही बोलला की मान डोलवून मोकळे होतात. म्हणजे घरात ज्याला त्याला कान बंद करायची युक्ती होती. तिला मात्र भोंगा रडला की कानांनीच काय, सगळ्या अंगानं ऐकू यायचं. दूध पाझरून ब्लाऊज भिजायचा.

तरी तिनं ठरवलं. डेपोतल्यासारखा तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. तीन रकाने, तीन वार, आणि प्रत्येकात लिहायचं, किती मिनिटं रडला. संध्याकाळी साडेसातपासून आठपर्यंत तिची ड्यूटी, आठनंतर नवऱ्याची. वेळ लावायला स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर. आणि ड्यूटी बदलायची तीही डेपोच्या शिस्तीत! तिथे चावी पुढच्या ड्रायव्हरच्या हातात देताना त्यानं गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणायचा असतो. म्हटल्याशिवाय चावी सोडायची नाही. कोण कुठे गाडी उभी करून गेलं असला घोळच नको.

शुक्रवारी भोंगा बावन्न मिनिटं रडला. बावन्न! ती दाराबाहेर फरशीवर बसून टोमॅटोकडे बघत होती, आणि तीन मिनिटं इतकी लांब असतात हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आत गेली की तो दोन्ही हात वर करायचा. थोपटून वळली की ते हात तसेच हवेत राहायचे. आठ वाजता तिनं टोमॅटो नवऱ्याच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"म्हण."

"भोंगा, घेतला."

"मोठ्यानं."

"अगं घेतला बाई, घेतला भोंगा!"

मग तिनं सोडला, आणि ओट्याशी जाऊन नळ पूर्ण उघडून उगाचच स्वच्छ भांडी घासत बसली.

शनिवारी चव्वेचाळीस मिनिटं. नवऱ्याला आनंद झाला, "बघ, आठ कमी!" तिनं तक्त्यात चव्वेचाळीस लिहिलं. आठ कमी म्हणे. चव्वेचाळीस मिनिटं लेकराच्या घशाला कोरड पडली होती.

रविवारी नवऱ्याला जादा काम लागलं. साडेसातला तिनं भोंग्याला पाळण्यात ठेवलं. तीन मिनिटं. पाच. दहा. तो रडत होता आणि तिचे डोळे मिटत होते, दोन्ही एकदमच. पाच दिवसांची, पाच महिन्यांची, काय ठाऊक कधीपासूनची झोप तिच्या मानेवर येऊन बसली होती. आठ वाजून गेले. सव्वाआठला नवरा दारात आला, हातात डबा, बोटांना शाई. ती उठली, टोमॅटो त्याच्या हातात कोंबला. "आता तुझी ड्यूटी. दहा मिनिटांनी आत जा."

त्यानं मान डोलवली.

ती पलीकडच्या खोलीत गेली आणि चटईवर पडली. पडली म्हणजे पडलीच.

सव्वाचारचा गजर झाला. ती उठून बसली आणि आधी काही कळेचना. मान मोकळी, डोळे हलके, अंगात कितीतरी महिन्यांनी आलेली तरतरी. घरात चिडीचूप.

ती धावत आतल्या खोलीत गेली. भोंगा झोपला होता. पालथा, पाळण्याच्या अगदी दाराकडच्या कोपऱ्यात दाटून, एका मुठीत कठडा धरलेला. दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात. अंगठा तो आधी कधी चोखत नव्हता. गालावर वाळलेल्या पाण्याचे ओघळ होते. श्वास संथ चालला होता.

फ्रिजवरचा रविवारचा रकाना कोरा होता.

तिनं नवऱ्याला हलवलं. त्यानं डोळे चोळले, कानाला हात लावला आणि एक नारिंगी बोळा बाहेर काढला. मग दुसरा.

"किती वाजता झोपला?"

"कोण? मला वाटलं तो झोपला म्हणून तू आडवी झालीस."

"मी तुला सांगितलं ना! तू मान डोलवलीस!"

"मला वाटलं जेवण झाकून ठेवलंय म्हणतेस." त्याचा चेहरा उतरला. "टोमॅटो... मी ओट्यावर ठेवला. काम करून आलो होतो गं. बोळे काढायचेच राहिले."

ती भांडायला तोंड उघडणार होती, आणि तिला आठवलं. तिनं 'म्हण' म्हटलंच नव्हतं. नंबर न ऐकता चावी सोडली होती. तिनंच.

सासूबाई उठल्या, डबी उघडून मशीन कानात बसवलं. "झोपला ना रे शेवटी? किती रडला?"

दहा मिनिटं? दोन तास? घरात तीन मोठी माणसं होती आणि सांगू शकणारा एकटा भोंगा होता, ज्याला अजून बोलता येत नव्हतं.

नाही, अजून कोणीतरी होतं. जिना उतरताना खालचं दार उघडलं. शिवणवाल्या काकू दुधाची पिशवी घ्यायला वाकल्या होत्या. तिला बघून त्या सरळ झाल्या. "अगं, काल रात्री तुमच्याकडे..."

"काकू, बस सुटेल माझी!" ती म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत सुटली. तिच्याशिवाय ती बस सुटणार तरी कशी होती?

दिवसभर तिनं अशी बस चालवली की विचारू नका. एक धक्का नाही, एक डुलकी नाही. मंगळवारच्या त्या सिग्नलला ती टक्क जागी होती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. साहेबांनी खिडकीतून बघितलं. "शाब्बास ड्रायव्हरबाई. बघा, झोप झाली की कसं असतं!"

"हो साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळी ती चपला हातात घेऊन काकूंच्या दारावरून चवड्यांवर वर गेली. काकूंच्या दाराखालून उजेड येत होता, पायडल चालू होतं. पायडल थांबल्यासारखं वाटलं. ती थांबली नाही.

साडेसातला तिनं भोंग्याला पाळण्यात ठेवलं. हात वर होतील म्हणून ती वाकून वाट बघत राहिली. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, अंगठा तोंडात घातला आणि भिंतीकडे कूस वळवली.

ती बाहेर आली. नवऱ्यानं कान उघडे असल्याचं दाखवायला दोन्ही बोळे तळहातावर धरले होते. सासूबाईंनी मशीन काढलं नव्हतं. तिघंही दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि ऐकायला काही नव्हतं.

"जमलं की गं," नवरा हळूच म्हणाला.

तिनं टोमॅटो घेतला, दहावर फिरवला आणि फरशीवर बसली. टिक टिक टिक. रड, एकदा तरी रड रे, ती मनात म्हणत होती. दहा मिनिटांनी टोमॅटो वाजला. नियमाप्रमाणे आता आत जायचं होतं.

ती आत गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिली, थोपटत राहिली. तो संथ श्वास घेत राहिला, जागा झाला नाही.