मुक्या अक्षरासाठी ब्रुसेल्सला गेलेली बॅग

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कातडी बॅग आहे. माझी एक कडी तुटली आहे आणि पोटात सुक्या मटणाचा वास बसला आहे. तो वास माझा नव्हे, बिला मावशीचा.

उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर तोर्शहाव्न शहरात हानुस नावाच्या जिनगराने मला एका मेंढ्याच्या कातड्यापासून शिवले. मेंढा भारी हट्टी होता म्हणे. तो हट्ट माझ्यात उतरला असावा, कारण माझे कुलूप पहिल्या झटक्यात कधीच उघडले नाही. सोलरुन नावाची तरुणी सरकारच्या मासेमारी खात्यात नोकरीला लागली, तेव्हा तिने मला पसंत केले.

आमचे सरकार इवलेसे. मंत्री दुकानात बटाटे निवडत असला, तर लोक त्याला तिथेच तक्रारी सांगतात. युरोपच्या संघात आम्ही नाही, पण आमचे मासे खपतात तिथेच. म्हणून सोलरुन मला घेऊन वर्षातून दोन-तीनदा, त्या संघाच्या कचेऱ्या आहेत त्या ब्रुसेल्सला जाई. निघण्याआधी तिची बिला मावशी वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाचे गाठोडे माझ्यात कोंबायची.

"तिकडचं जेवण म्हणजे नुसता पाला," ती म्हणायची. "पोटात काही असलं तर माणूस भांडेल ना!"

करारांचे कागद आणि मटण असे शेजारी शेजारी प्रवास करत. ब्रुसेल्सचे लोक आमचे कागद हात लांब करून वाचत. सोलरुनला वाटे, त्यांना चाळिशी लागली आहे.

मावशी स्कार्स्वीक गावात खारवलेल्या माशांचा कारखाना चालवायची. गावात माणसे एकशे दहा, त्यातली तीस तिच्याकडे कामाला. एका सकाळी तिचा फोन आला. मी टेबलावरच होते, आणि मावशीचा आवाज ऐकायला फोन कानाला लावावा लागत नसे.

"सोलरुन, माझे मासे परक्या बंदरात अडवलेत! म्हणतात, स्कार्स्वीक नावाचं गावच नाही."

"असं कसं होईल, मावशी?"

"मग मी काय पन्नास वर्षं समुद्रात उभी आहे का?"

चौकशी केल्यावर भानगड कळली. नव्या नियमाप्रमाणे मासे पाठवणाऱ्या गावांची यादी ब्रुसेल्सच्या एका खात्याच्या संगणकात भरली होती. स्कार्स्वीक लिहिताना मध्ये आमचे एक अक्षर येते. इंग्रजी डीसारखे, पण पाठीत वाकलेले आणि मानेवर आडवी काडी घेतलेले. त्याला आम्ही 'एड' म्हणतो. संगणकाला ते ओळखता येईना, म्हणून त्याने आख्खे गावच गाळले.

त्या खात्यात गोन्सालो नावाचे पोर्तुगीज साहेब होते. माणूस सज्जन, पण फाइलीबाहेर पाऊल न टाकणारा.

"या अक्षराचा उच्चार कसा करतात, बाई?" त्यांनी विचारले.

"करत नाही."

"म्हणजे?"

"मुकं आहे ते. लिहायचं आणि गप्प बसायचं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग टाका ना काढून! साधा डी लिहा."

"आणि पेट्यांवर एक नाव, कागदावर दुसरं दिसलं, की तुमचेच लोक पुन्हा अडवतील. शिवाय गाव आमचं आहे, साहेब. त्याचं नाव काय ते आम्ही सांगायचं, की तुमच्या यंत्रानं?"

साहेबांना ते पटले. पण पटून उपयोग काय? त्यांनी टिपण वर पाठवले आणि ते वरच राहिले. आम्ही तीन खेपा घातल्या. इकडे कारखाना बंद पडला. दोन कुटुंबे गाव सोडायला निघाली. ती गेली असती, तर शाळेत चारच मुले उरली असती आणि शाळाही गेली असती. सोलरुन विमानात मला छातीशी धरून बसायची.

चौथ्या खेपेला मंत्रीच आमच्याबरोबर आले. त्यांचे नाव बोआरुर. त्या नावातही ते मुके अक्षर आहे. काचेच्या इमारतीच्या दारात त्यांना गळ्यात अडकवायची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह छापले होते.

पहारेकरी म्हणाला, "पासपोर्टातलं नाव जुळत नाही. आत सोडता येणार नाही."

"अहो, मी मंत्री आहे!"

"असाल. पण कोण मंत्री, हेच कळत नाहीये."

बाहेर पावसाची भुरभुर होती. बोआरुर रागावले नाहीत. मला पायरीवर ठेवून ते माझ्यावरच बसले, आणि ते चांगले शंभर किलोंचे. माझी कडी तुटली ती तेव्हाच! सोलरुनने माझ्यातून आधीच काढून घेतलेले गाठोडे सोडले आणि दोघे मटण चावत बसले. शेवटी गोन्सालो साहेब छत्री घेऊन धावत खाली आले.

"मंत्रिमहोदय, असे पायरीवर?"

सोलरुन गोन्सालो साहेबांच्या गळ्यातल्या चिठ्ठीकडे बघत होती. "साहेब, तुमच्या नावात सीला खाली शेपूट आहे ना?"

"हो. आमच्याकडे तसंच लिहितात."

"तुमच्या सीला शेपूट चालते आणि आमच्या डीला काडी चालत नाही?"

साहेबांनी मान खाली घालून स्वतःची चिठ्ठी वाचली. मग ते इतके हसले की छत्री उलटी झाली. त्यांनी मटणाचा तुकडा उचलला, चावला, डोळ्यांत पाणी आले तरी गिळला, मंत्र्यांना उठवले, आणि वरच्या उत्तराची वाट न बघता तिथेच माझ्या पाठीवर कागद टेकवून मासे सोडायची परवानगी लिहून दिली. त्या मुक्या अक्षराची काडीही त्यांनी हाताने, पट्टी लावून ओढली.

आठवड्याभरात मासे सुटले, कारखाना सुरू झाला आणि निघालेली दोन्ही कुटुंबे गावातच राहिली. यादी सुधारायला मात्र सात महिने लागले. सोलरुनने ती मावशीला दाखवली. मावशीने चष्मा लावून बराच वेळ पाहिली. "आलं खरं," ती म्हणाली, "पण किती बारीक छापलंय मेल्यांनी!" आणि पदराऐवजी लोकरी बाहीने तिने हळूच डोळे टिपले.

आता सोलरुन निवृत्त झाली आहे. नवे अधिकारी पातळ संगणक घेऊन जातात. मी कपाटावर पडून असते आणि माझे कातडे तडकू लागले आहे. तेव्हा मित्रांनो, घरात एखादी जुनी बॅग असेल, तर वर्षातून एकदा तिला तेलाचा हात लावा. आणि वर्गात नवीन आलेल्या एखाद्याचे नाव तुमच्या जिभेला जड गेले, तर ते छाटून सोपे करू नका. तुमच्यातल्या एखाद्या बाळूला कोणी 'बालू' म्हटले, तर तुम्हालाही टोचतेच की! त्यालाच वही द्या आणि म्हणा, "तूच लिहून दाखव."