टेलिफोनवाल्याचं स्पॅनिश

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याचा गळा काही निवृत्त होत नाही. अख्खी गल्ली त्यांना हॅलोकाका म्हणायची ती उगाच नाही. मुलीनं आईवडिलांना परदेशच्या सहलीची तिकिटं काढून दिली आणि सोबत एक वही दिली. वहीत प्रवासात लागणारी साठेक स्पॅनिश वाक्यं मराठी अक्षरांत लिहिलेली होती. काकांनी ती वही अशी काही घोटली की विचारू नका. 'ग्रासियास' म्हणजे आभार, 'दोन्दे एस्ता' म्हणजे कुठे आहे. मुलीनं रेकॉर्ड करून पाठवलेलं ऐकून काका हेल, ठेका, श्वाससुद्धा उचलायचे.

शेवटच्या पानावर मथळा होता 'दवाखान्यात', आणि त्याखाली लाल शाईत एक वाक्य: 'माझ्या बायकोला पेनिसिलिन चालत नाही.' काका ते म्हणायला लागले तशा काकू आतून म्हणाल्या, "अहो, निघायच्या आधी असलं अभद्र कशाला तोंडावर आणता?"

काकांनी वही मिटली आणि ते वाक्य पाठ करायचं राहूनच गेलं. मुलीच्या जन्मानंतर त्या एका इंजेक्शननं काकूंचा गळा सुजला होता, ओठ निळे पडले होते, आणि पुन्हा दिलंत तर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघंही ते विसरले नव्हते. फक्त त्याबद्दल बोलत नसत.

सहलीचे पहिले चार दिवस काकांनी मैदान मारलं. टॅक्सीवाला, हॉटेलातली मुलगी, भाजीवाली, जो तो त्यांचे उच्चार ऐकून खूश व्हायचा आणि त्यांच्याशी भडाभडा बोलायला लागायचा. त्यातलं अवाक्षर काकांना कळत नसे. ते हसून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "सी, सी," म्हणजे हो, हो. एक्स्चेंजमधली सवय ती. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये हो, हो म्हणत राहिलं नाही, तर त्याला वाटतं लाइन तुटली. काकू कौतुकानं बघायच्या.

पाचव्या दिवशी दुपारी काकूंना थंडी वाजून ताप भरला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांना धाप लागली, दोन शब्द बोलल्या की थांबावं लागे. काकांनी त्यांना तसंच उठवून खाली आणलं. टॅक्सीनं दवाखाना गाठला तेव्हा वही हॉटेलच्या खोलीत राहिली आहे हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांनी काकूंची छाती तपासली, एक कागद खरडला आणि ते दुसऱ्या खोलीत गेले. मग नर्स आली. काकांनी तिला झोकात नमस्कार केला, 'माझी बायको आजारी आहे' हे वाक्य अगदी तिथल्या माणसासारखं म्हणून दाखवलं. नर्सचा चेहरा उजळला. तिनं भरभर काहीतरी विचारलं.

"सी, सी," काका म्हणाले.

तिनं आणखी एक विचारलं.

"सी, सी."

नर्सनं कागदावर दोन ठिकाणी खूण केली.

त्या खुणा पाहिल्या आणि काका हसायचे थांबले. गप्पा मारणारं माणूस कागदावर खुणा करत नाही. आपण कशाला हो म्हणालो? एकदा नाही, दोनदा. हे औषध आधी घेतलंय ना, चालतं ना, असं काही विचारलं असेल तर? नर्स पाठमोरी झाली होती. काच वाजली, पाकीट फाटल्याचा आवाज आला. लाल शाईतलं ते वाक्य आठवायचा काकांनी जीव तोडून प्रयत्न केला. डोक्यात नुसतं 'स्टेशन कुठे आहे' आणि 'चहा छान होता' फिरत राहिलं.

नर्स सुई घेऊन वळली. काका धडपडत मध्ये आले आणि त्यांनी काकूंच्या दंडावर आपला हात आडवा धरला.

"थांबा," ते मराठीतच म्हणाले. "मला काही कळलेलं नाही. एक शब्द कळलेला नाही."

नर्स गोंधळली. मघाशी इतकं चोख बोलणारा म्हातारा आता हे काय बोलतोय? ती जरा वैतागून काहीतरी म्हणाली. काकांनी तिच्यामागच्या ट्रेमधली रिकामी बाटली उचलली, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरली. औषधाचं नाव तेच होतं, पेनिसिलिन. आपल्याकडच्या बाटलीवर इंग्रजीत असतात जवळजवळ तीच अक्षरं.

त्यांनी स्वतःचा गळा दोन्ही हातांनी आवळून दाखवला, काकूंकडे बोट केलं, आणि "नो, नो" म्हणत राहिले. नर्सचा चेहरा पांढरा पडला. तिनं सुई खाली ठेवली, कागदावरच्या दोन्ही खुणा खोडल्या आणि डॉक्टरांना हाक मारत धावत गेली.

काका खाटेच्या कडेवर बसले.

"अगं, मी न कळताच हो म्हणालो होतो," ते म्हणाले.

काकूंनी श्वास गोळा केला.

"बाटली... मला दिसत होती," त्या म्हणाल्या. "नावही वाचलं मी." थोड्या थांबल्या. "पण तुम्ही इतकं छान बोलत होतात. वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."