टिटवीनं दाखवलेलं रान

"खालचं का वरचं, येवढं सांगा एकदा. रोप सुकायला लागलंय," सखुबाई म्हणाली आणि झेंडूच्या रोपांवर ओलं गोणपाट टाकून बांधावर टेकली. हल्ली तिचे गुडघे उठताना बोलत आणि बसतानाही बोलत.

लहानू तंबाखू मळत आभाळाकडं बघत होता. आर्द्रा लागून गेल्या होत्या, पण पाऊस दारात यायचा आणि पायातली वहाण न काढताच माघारी जायचा.

पेठ रस्त्याच्या अंगाला त्यांचे दोन तुकडे होते. नाल्याकाठचा खालचा तुकडा काळा, चिकट. पाऊस दांडगा झाला की तिथं पाणी तुंबायचं आणि मुळ्या सडायच्या. वरचा तुकडा मुरमाड माळ. पावसानं पाठ फिरवली की तो तव्यासारखा तापायचा. विहिरीचं पाणी पाटानं खालच्या रानात जायचं, माळावर ते चढत नव्हतं. आधी दोन्ही रानं व्हायची. पण पोरगा समाधान सातपूरला कारखान्यात लागला, तिकडंच खोली घेऊन राहिला, आणि मागं दोन म्हातारी माणसं उरली. दोघांच्या कंबरा मिळून एका रानापुरत्या शिल्लक होत्या. दसऱ्याला पंचवटीच्या बाजारात झेंडू न्यायचा, तर कोणतं तरी एक रान आजच धरायला हवं होतं.

असा पेच पडला की लहानू टिटवीला विचारायचा. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नाल्याकाठी खोलगटात घातली तर पाऊस हात आखडणार. त्याच्या बापानं आणि आज्यानंही रानं अशीच ठरवली होती.

नाल्यापलीकडून पुंजारामनं औत थांबवलं. "लहानूबाबा, काय म्हणती टिटवी? का अर्ज अजून पोचला नाय तिच्याकडं?"

"तू तुझं औत हाण."

"हाणतोच हाय. आपण बुवा विहिरीला इचारतो. पाणी खाली जातं, म्हणून मी खाली लावतो. पाखराचा सल्ला घ्यायला मी काय खुळा हाय का?"

"तुझा आजा घ्यायचा."

"म्हणून तर त्यो उपाशी मेला."

लहानूनं तंबाखू तोंडात टाकली आणि खालच्या रानात उतरला. दहा-बारा पावलं गेला असेल, तोच टिटवी ओरडत उठली. त्याच्या डोक्यावरून दोन घिरट्या घातल्या आणि पुढ्यात येऊन पडली. एक पंख मोडल्यासारखा मातीत घासत ती लंगडत चालली, माळाच्या दिशेला. लहानू तिच्या मागं निघाला. तो जवळ गेला की ती फडफडून चार हात पुढं सरकायची आणि पुन्हा कण्हल्यासारखी ओरडायची. असं करत तिनं त्याला पार माळाच्या टोकापर्यंत नेलं.

सखुबाई जागची हलली नव्हती. थोड्या वेळानं टिटवी चांगली धडधाकट उडत माघारी आली, लांब उतरली, इकडं तिकडं बघत बघत आली आणि सखुबाईपासून जेमतेम हातभर अंतरावर येऊन बसायला लागली. तेव्हा सखुबाईला बांधाच्या पायथ्याशी, खालच्या रानाच्या कडेला अंडी दिसली. मातीच्या रंगाची, वर काळे डाग. भोवती बारके खडे मांडलेले. ढेकळांत ढेकूळ. आपण त्यांच्याजवळच बसलोय हे तिला तोवर कळलंच नव्हतं.

म्हणजे कौल खालचा होता. पाऊस हात आखडणार होता, आणि शहाण्या माणसानं रोप खालीच लावायला हवं होतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. पण अंडी चुकवून औत एक वेळ वळवता येतं, मागून पाट सोडला की पाणी कुणाचं ऐकत नाही. वाफे भरले की अंडी पाण्याखाली. टिटवी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. सोंग करायलाही अंगात जीव लागतो, हे सखुबाईला चांगलं ठाऊक होतं.

"माळावर हाय गं," वरून लहानू ओरडला. "माळावरच लावू."

"माळावर तर माळावर," सखुबाई म्हणाली आणि रोपांची पाटी डोक्यावर घेतली.

रोप माळावर लागलं. दोन सरी आल्या, रोपानं मान धरली, आणि पाऊस गेला तो गेलाच. मग पाणी वाहणं आलं. विहिरीवरून लहानू कावडीला दोन डबे लावून चढायचा, सखुबाई घागर घेऊन. एकेका बुडख्याला तांब्याभर पाणी. ओळ संपायच्या आत पहिलं रोप पुन्हा मान टाकायचं. सखुबाईच्या डोक्यावरची चुंबळ झिजली, लहानूच्या खांद्याला घट्टा पडला. रात्री दोघं जेवता जेवता पेंगायची.

सखुबाई रोज मनातून वाट बघायची, की आता हा टिटवीला शिव्या घालील. कारण लहानू कुणालाच सोडत नसे. बैलाला, उन्हाला, पोराला, ठेच लागली तर दगडालाही त्याची शिवी ठरलेली. पण त्या साली टिटवीबद्दल त्यानं ब्र काढला नाही. भाबडा भरवसा आहे बिचाऱ्याचा, असं वाटून तिचा जीव आणखी खाली-वर व्हायचा. खालच्या पडीक रानात मात्र टिटवीमागं काडीसारख्या पायांची पिल्लं तुरुतुरु पळायची. घागर भरताना ती त्यांच्याकडं बघायची आणि मुकाट चढ चढायची.

पुंजारामच्या खालच्या रानात झेंडूला कळ्या धरल्या. एक दिवस विहिरीपाशी त्यानं तिला गाठलं.

"काकू, बाबांनी लहानपणी गावाची गुरं राखली ना?"

"राखली. तुझं काय त्याचं?"

"नाय, टिटवी लंगडती तिकडं अंडी नसत्यात, हे गुराख्याच्या शेंबड्या पोरालाबी म्हाईत असतं. बाबाला कसं म्हाईत नाय, याचा इचार करून ऱ्हायलो."

सखुबाईनं घागर उचलली. अर्ध्या चढावर बाभळीखाली लहानू कावड टेकवून बसला होता. ती समोर उभी राहिली.

"गुरं राखायचे तवा टिटवीची अंडी सापडायची तुमाला?"

"सापडायची."

"कशी?"

लहानूनं डब्यातलं पाणी बघितलं. "ती लंगडंल त्याच्या उलट्या अंगाला जायचं."

"मंग त्या दिवशी तिच्या मागं काहून गेले?"

लहानूनं खांद्यावरचा घट्टा चोळला. "खाली व्हती अंडी. रानात उतरलो अन् दिसली. पर तुला सांगितलं आसतं तर तू म्हणली आस्ती, पोटाला काय टिटवी घालणार का."

"मी आसं म्हणले आस्ते?"

"तू म्हणती."

"माझ्या पायाशी व्हती ती," सखुबाई म्हणाली. "मी पाह्यली. तुमी पाट सोडाल म्हणून बोलले नाय."

लहानू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं खाली नाल्याकाठच्या रानाकडं पाहिलं. तिथं आता गुडघाभर गवत होतं.

"दोघांनी मिळून चार पाट्या माती टाकली आस्ती भवतीनं," तो सावकाश म्हणाला, "कडं केलं आसतं, तर पाणी भायेरून गेलं आसतं. अंडीबी राह्यली आस्ती अन् झेंडूबी."

 सखुबाईला हसू फुटलं. तिचं बघून तोही हसायला लागला, आणि हसता हसता कावड कलली. दोन्ही डब्यांतलं पाणी वाटेवर सांडलं, जिथं कुणी काही लावलेलं नव्हतं. मुरमानं ते बघता बघता पिऊन टाकलं.

"बसा तुमी," सखुबाई म्हणाली. घागर तिनं त्याच्यापाशी ठेवली, रिकामे डबे हातात घेतले आणि विहिरीची वाट धरली.