बॉम्बचा ठराव

करंजदऱ्याच्या ग्रामसभेनं आजवर नाना तऱ्हेचे ठराव केले होते. टँकरची खेप वाढवा, स्मशानभूमीला पत्रा घाला, एसटी वळणावर थांबवा. पण बॉम्बचा ठराव आला तो यंदाच्या सव्वीस जानेवारीला, आणि आणला सातवीतल्या राणीनं.

पोरांना ग्रामसभेत ठराव मांडता येत नाही. आदल्या दिवशी शाळेत त्यांची बालसभा होते, आणि तिथं जे ठरतं ते एखादं मोठं माणूस ग्रामसभेत मांडतं. राणीच्या ठरावाला सूचक म्हणून उभ्या राहिल्या शालनबाई. बाई शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना दुसरं नाव नव्हतं. माहेर कराडकडचं. नोकरीला म्हणून या माळावर आल्या आणि इथल्याच झाल्या. अजूनही रोज संध्याकाळी मारुतीच्या सभामंडपात पोरं जमवून शिकवत. पैसे घेत नसत. कुणी दूध आणून द्यायचं, कुणी ज्वारी. तीन वर्षांपूर्वी बाईंना मिरजेला ऑपरेशनला न्यावं लागलं, तेव्हा गावानं गाडी केली आणि दवाखान्याच्या पायरीवर फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार बाळासो बसून राहिले. बाई शुद्धीवर आल्याची खबर मिळाल्यावरच ते चहाला उठले होते. ही गोष्ट बाई कुणाला सांगत नसत, पण त्यांच्या मनातून ती एक दिवसही जात नसे.

आणि राणी याच बाळासोंची नात. तिचा बाप यशराज हवालदार होता, सध्या सीमेवर. आई-आज्यासोबत ती गावात राहायची.

ठरावाचं झालं असं. डिसेंबरात बाईंनी पोरांना पेपर वाचून दाखवला. जपानातल्या दोन शहरांवर पूर्वी अणुबॉम्ब पडले, त्यातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेला शांततेचं मोठं बक्षीस मिळालं होतं. ही माणसं जन्मभर जगाला सांगत फिरली, की आमच्यावर आलं ते दुसऱ्या कुणावर येऊ देऊ नका.

"मग कुणी ऐकलं का त्यांचं?" राणीनं विचारलं.

"पुष्कळ देशांनी ऐकलं. त्यांनी मिळून असले बॉम्ब बंद करायचा करार केलाय. आता मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांची बैठक आहे."

"आपला देश जातो?"

"नाही."

"का? बोलवत न्हाईत?"

"येऊ देतात. करारावर सही न करता, नुसतं ऐकायलाही बसता येतं. पण ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत ते देश तिकडे फिरकत नाहीत. आपलं सरकार म्हणतं, बॉम्बवाले सगळे देश एका जागी बसून ठरवतील तेव्हाच खरं काही होईल. त्यातही तथ्य आहे बरं का."

राणीनं थोडा विचार केला. "मग आपन सांगूया की, जावा म्हणून."

"कुणाला?"

"सरकारला. टँकरसाठी सांगतोच की."

बाईंना हसू आलं, आणि बरंही वाटलं. इतकी वर्षं शिकवून एका पोरीला तरी सरकार ही सांगण्याची जागा वाटते, याहून माणसानं काय मागावं?

बालसभेत पोरांनी ठराव स्वतःच लिहिला. 'आपल्या देशाने अणुबॉम्ब टाकून द्यावेत आणि मार्चच्या बैठकीला जावे.' पोरांच्या लिहिण्यावर आपली पेन्सिल चालवायची नाही हा बाईंचा नेम. त्यांनी फक्त विचारलं, "सगळ्यांना मान्य?" सगळे ओरडले, "व्हय!" फौजींच्या गावात, सव्वीस जानेवारीला, 'टाकून द्यावेत' हे शब्द कसे ऐकू जातील, हे ना पोरांच्या ध्यानात आलं ना बाईंच्या.

ग्रामसभा चावडीपुढच्या लिंबाखाली भरली. करंजदऱ्यात सभेला बसण्याआधी काठ्या चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवायची रीत आहे. एके काळी मेंढरं उभ्या ज्वारीत शिरली म्हणून धनगरांची आणि शेतकऱ्यांची डोकी फुटायची, तेव्हापासूनची. आता मारामाऱ्या राहिल्या नाहीत, रीत राहिली. एकटे गुंडातात्या काठी ठेवत नसत. मेंढरांमागं सारं आयुष्य गेलेले हे धनगर म्हातारबा सतरंजीच्या कडेला बसत, आणि काठी मांडीवर आडवी. त्यांना कोणी हटकत नसे.

झेंडावंदनाला आलेले माजी सैनिक छातीवर पदकं लावून पुढच्या रांगेत होते. मधोमध बाळासो. रस्त्याचा ठराव झाला, पाण्याचा झाला. मग सरपंच संयोगिता म्हणाली, "बालसभेचा एक ठराव हाय. सूचक शालनबाई. राणी, वाच."

संयोगिता बाईंचीच विद्यार्थिनी. तिनं मोठ्या कौतुकानं राणीच्या हातात माईक दिला. राणीनं खणखणीत आवाजात वाचलं.

पुढच्या रांगेतले फौजी एकमेकांकडं बघू लागले. मग बाळासो उठले.

"कुणी लिवलं हे?"

"आमी, आबा."

"टाकून द्यावेत? तुझा बाप बर्फात हुभा हाय, आन् तू हितं म्हणतीस हत्यार टाका? शेजारी काय रांगोळी काढत बसलाय?" त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त झोंबणारं होतं. ते बाईंकडं वळले. "बाई, तुमी शानी माणसं. झेंड्याच्या दिवशी फौजींच्या पोरांकडून हे वदवून घेता?"

"वदवून न्हाई घेतलं, आबा," राणी म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत नव्हता.

बाईंच्या जिभेवर उत्तर होतं. पण समोरच्या माणसाचे उपकार डोळ्यांपुढं उभे राहिले, आणि त्याहून मोठी भीती ही, की आज ही पोरगी आज्यासमोर तोंडावर पडली तर पुन्हा कधी कुठं उभी राहायची नाही. आणि जिंकली, तरी त्या घरात ताटं वेगळी व्हायची. ठराव गेला तरी चालेल, हे घर मोडू नये, असं त्यांना वाटून गेलं.

संयोगितानं चाचरत विचारलं, "अनुमोदन कुणाचं?"

कुणी हात वर केला नाही. मागून एकजण म्हणाला, "आवं, आमच्या गावात गटार तुंबलंय, आन् ह्यांचा बॉम्ब!" थोडा हशा पिकला. अनुमोदक नाही म्हणजे ठराव संपला. संयोगिता पुढचा विषय घेणार, एवढ्यात राणी म्हणाली, "मला एक इचारायचं हाय."

"इचार."

"गुंडातात्यांना आपन सभेत का बसू देतो? त्यांनी काठी खाली ठेवली न्हाई की."

सगळ्यांच्या माना तात्यांकडं वळल्या. तात्या दचकले. "आता माझं काय मधीच काढलंस गं पोरी?"

आता मात्र सभा मोकळेपणानं हसली. बाळासोंच्या मिशीतही काहीतरी हाललं.

"सांगा की तात्या," राणी म्हणाली. "काठी ठेवायची नव्हती, तर आला कशाला?"

तात्यांनी काठीवरनं हात फिरवला. म्हणाले, "लय जुनी गोष्ट हाय. माझ्या थोरल्या भावाचं डोसकं फोडलं हुतं ह्या गावानं. बैठक बसली तवा मी म्हणलं, काठी सोडायचो न्हाई. मग जाऊच नको म्हणली घरची. पर त्या वक्ताचं पाटील दारात आलं आन् म्हणलं, गुंडा, काठीसकट ये, पर ये. आलो. एक अक्षर बोललो न्हाई. नुसता ऐकत बसलो. बसलो म्हणून कळलं. माझ्या काठीला ती माणसं जेवढी भीत हुती, तेवढाच मी त्यांच्या काठीला भीत हुतो. घरी बसून मला वाटायचं, भ्यालेला मी एकटाच."

"मग आता का न्हाई ठेवत?" कुणीतरी विचारलं.

"आता गुडघं गेल्यात, बाबा. उठाया लागती!"

हसता हसता लोक एकमेकांकडं बघू लागले. बाळासो हसत नव्हते. ते बाईंकडं बघत होते.

"बाई, त्या बैठकीला काठीसकट बसू देत्यात?"

"देतात, सुभेदार. सही करावी लागत नाही. काही खाली ठेवावं लागत नाही. ऐकायचं, वाटलं तर आपलं म्हणणं सांगायचं, आणि परत यायचं."

"मग तसं लिवा की! 'टाकून द्या' कशाला घातलं?"

"चुकलं, आबा," राणी म्हणाली. "ते खोडते मी. नुसतं 'जाऊन बसावं' ठेवते."

बाळासो सभेकडं तोंड करून बोलू लागले, पण बोलणं जणू स्वतःशीच होतं. "फौजेत आमाला एक रबरी सूट घालायला शिकवला हुता. असला बॉम्ब पडला तर घालायचा. तोंडाला मुखवटा. उन्हात घालून पळवायचे, घामानं बूट भरायचे. शिकवणाऱ्या उस्तादाला मी इचारलं, साहेब, आमाला सूट हाय, गावाकडं काय? तो म्हणला, बाळासो, दौडते रहो. अजून दौडतोच हाय. बंदूक खाली ठेवा म्हणणाराला मी आजबी हो म्हणायचो न्हाई. पर बैठकीला जाऊन बसाया काय हरकत हाय? संयोगिता, लिव. अनुमोदक, सुभेदार बाळासो."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. गटारवाल्यानंही केला, "गटाराचं बी ध्यानात ठेवा" म्हणून.

सभा सुटल्यावर मात्र बाळासो राणीशी न बोलता ताडताड घरी गेले. राणीनं बाईंचा हात धरला. "आबा रागावलं का, बाई?"

"मला नाही माहीत, बाळ," बाई म्हणाल्या. खोटं सांगून समजूत घालणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी सभामंडपात पोरं जमली, तेव्हा दाराशी चपला काढण्याचा आवाज झाला. बाळासो. पदकं काढलेली, साधा सदरा. खांबाला टेकून ते पोरांमध्ये खाली बसले.

"ठराव साताऱ्याला कलेक्टर हापिसात मी घेऊन जाणार," ते म्हणाले. "साहेब म्हणला, आजोबा, हे काय असतं, तर मला सांगता आलं पायजे. शिकवा."

बाई काही बोलणार, तोच त्यांनी हात केला. "तुमी नगं. ही शिकवंल. यशराजला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणला, आबा, तिला म्हणावं, मी हितं हुभा हाय ते तिला असं बोलता यावं म्हणूनच."

राणीनं खाली मान घातली, नाक पुसलं आणि शिकवायला लागली. बाळासोंनी तिला इतके प्रश्न विचारले, की दोनदा ती बाईंकडं बघू लागली. बाई म्हणाल्या, "मलाही येत नाही याचं उत्तर. उद्या शोधू."

त्या आठवड्यात आज्जा-नात साताऱ्याला जाऊन आले. हापिसातल्या मॅडमनी ठराव वाचला, चष्मा काढून दोघांकडं बघितलं, पोच दिली आणि पुढं दिल्लीला पाठवू म्हणाल्या. राणीला पाणी विचारलं. परतताना बाळासोंनी तिला कंदी पेढे घेतले आणि अर्धे शालनबाईंकडं पोचते केले.

मार्चमध्ये न्यूयॉर्कची बैठक झाली. आपल्या देशाचं कुणी तिथं गेलं नाही. बातमी बाईंनी लपवली नाही.

"पोचला नसंल आपला ठराव," एक पोरगं म्हणालं.

"पोचला असंल, रं," बाळासो म्हणाले. आता ते रोजच यायचे, खांबाजवळची जागा त्यांची झाली होती. "फौजेत एक अर्ज एकदाच करून भागतंय व्हय? माझ्या पेन्शनच्या दुरुस्तीला किती कागद गेले, माझं मला ठावं. म्होरली बैठक कवा?"

"पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर," राणी म्हणाली.

"मग लय वेळ हाय. पुन्यांदा लिवायचं. ह्या खेपंला सूचक मी. आन् शेजारच्या गावांनी बी ठराव करावा, म्हणून मी फिरतो. माझं फौजी दोस्त हाईत तिकडं. मला शिव्या घालतील, पर चहा पाजून घालतील."

पोरं हसली. शालनबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. या गावानं त्यांना घर दिलं होतं, दूध-ज्वारी दिली होती, जीव वाचवला होता. एवढं सगळं देऊन वर हाही माणूस दिला, याचं त्यांना नवल वाटलं. आभार मानले असते तर सुभेदार संकोचून उठून गेले असते.

त्यांनी नुसता खडू बाळासोंच्या हातात दिला आणि स्वतः पोरांमध्ये जाऊन बसल्या.

"म्या?" बाळासो म्हणाले.

"तुम्हीच. सूचक आहात ना? फळ्यावर लिहा, कुठून सुरुवात करायची ते."

बाळासो गुडघ्यावर हात देऊन उठले. फळ्यापुढं जाऊन खडू टेकवला. मग वळून न बघताच म्हणाले, "राणे, नीट बघ हां. चुकलं तर लगीच सांग."