दगड पाहून घेतलेली जागा

माझी नोकरी सांगायला सोपी आहे. शहराच्या कडेला पाणथळ आहे, तिथे आमच्या संस्थेने एक दगड पुरलाय. दर वर्षी त्या दगडावर कॅमेरा लावायचा आणि त्याच उंचीवरून, त्याच दिशेला फोटो काढायचा. माणसं पाणथळीचं काय करतात आणि पाणथळ माणसांचं काय करते, हे पिढीभर बघायचं. जागा तेवढी हलता कामा नये. हलली की आधीचे सगळे फोटो मातीमोल, आणि आमचे साहेब तर हे काम गुंडाळायला टपलेलेच आहेत.

यंदा तो दगड माझ्या धाकट्या दिराच्या मोरीत सापडला.

घर बांधतोय, एवढं त्याने सांगितलं होतं. कुठे, तर म्हणे "येऊनच बघा." बघितलं! जाऊ दगडावर चादर आपटत होती.

"या ना ताई! काय झकास दगड आहे हो. कॉलरचा मळसुद्धा निघतो."

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, पाणथळीत घर? अहो, पाणी घुसेल!"

"घुसेना. बुडाली तर सगळी गल्ली बुडेल, आपण एकटे थोडेच?"

मी ओल्या दगडावर कॅमेरा लावला. समोर पाणी, लव्हाळे, बगळे दिसायला हवे होते. दिसली मोरीची विटांची भिंत आणि खिळ्याला टांगलेला दिराचा बनियन.

"एवढंच ना? खिडकी पाडून देतो की," म्हणत त्याने छिन्नी-हातोडा आणला आणि चार विटा खरंच काढल्या. भोकातून शेजाऱ्याची भिंत दिसली.

"अख्खा गाव सोडून इथेच का तडमडलात सगळे?" मी ओरडले.

दीर गोंधळला. "असं काय करता वहिनी? तुमच्याच दगडामुळे की! दर वर्षी ऑफिसची माणसं येतात, मोजमाप करतात, फोटो काढतात. एवढी शिकलेली माणसं उगाच चिखल तुडवतील? लोक म्हणाले, इथे रस्ता होणार, नळ येणार. दगडाला लागून प्लॉट मिळायला नशीब लागतं."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसकण मारली. माणसं पाण्याकडे का सरकतायत, याच्यावर आम्ही बैठकांमागून बैठका झोडल्या होत्या. ती आमच्या दगडाकडे येत होती. लाज वाटली, रागही आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

शेवटी साहेबांना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "पलीकडच्या काठाला अजून मोकळं पाणी आहे ना? तिथे नवा दगड पुरा. नाहीतर काम बंद. उद्यापर्यंत कळवा."

"नवा दगड? बघते," म्हणत मी फोन ठेवला. जावेने चहा आणून दिला. दीर शेजारी येऊन बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "नवा दगड म्हणे? कुठल्या बाजूला, वहिनी? आधी घरच्यांना सांगायचं हं."

"कुठेच नाही!" मी किंचाळले. "दगड नाही, फोटो नाही, काही नाही! केलं काम बंद!"

दीर बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "इतकं लपवतायत म्हणजे जागा एक नंबर असणार."