पितळी पिना आणि मुशीचं तेल

मी प्लग आहे. हसू नका. टेबलफॅनच्या वायरीला असतो तसला बारीक पिनांचा नव्हे, चांगला पंधरा अँपिअरचा, काळ्या अंगाचा, जाड पितळी पिनांचा. तळहातावर घेतलात तर वजन कळेल. आणि थोडं ऐकलंत तर कदाचित माझ्यासारखे तुम्हीही थक्क व्हाल.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात मी जन्मलो. पुठ्ठ्याच्या खोक्यातले माझे भाऊबंद म्हणायचे, आपल्या नशिबी न्हाणीघर. गिझरला चिकटायचं आणि पाणी तापवायचं. मलाही तेच खरं वाटे. वीज वस्तू तापवते यापलीकडे मला विजेबद्दल काही ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं हरिहरकाकांनी. ते कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, घर सीकेप्यांचं, त्यामुळे मासळीवाचून घास उतरत नसे. चेंदणी कोळीवाड्यातली चंद्रभागा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात मासळीची पाटी उतरवायची. मग एका पावसाळ्यात ती होडीच्या फळीवरून घसरली, पाठ दुखावली आणि पाय गेले ते गेलेच. काकांच्या बायकोला, सुमतीबाईंना, फार वाईट वाटलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आयुष्यभर यंत्रं जोडलीत ना? मग तिच्यासाठी काही जोडा."

काकांनी जोडलं. तीन चाकं, एक जुनी मोटर, सीटखाली ट्रकच्या बॅटऱ्या आणि त्यांच्या शेजारी चार्जरचा पेटारा. पेटाऱ्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला मी. गाडी चालताना मला सीटच्या बाजूच्या हुकाला अडकवायचे. म्हणून तर मी जग पाहिलं, नाहीतर आमच्यातले बहुतेक जण भिंतीकडे तोंड करून जन्म काढतात.

चंद्रभागेला गाडी का हवी होती ते आधी सांगतो. मासळी बाजारात तिच्या आईपासूनची जागा होती, कोपऱ्यातल्या खांबाजवळची. पण जागा बसणारीची, असा तिथला रिवाज. रिकामी राहिली की शेजारणीची पाटी हळूहळू सरकत येते. चंद्रभागेचा धाकटा भाऊ गोमाजी तिला पाठुंगळी घेऊन बाजारात पोचवी. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघणार, तो पहाटेच खाडीत जाणार. मग हिला नेणार कोण? शेजारच्या दगडाबाईची पाटी तर आत्ताच वीतभर सरकली होती.

गाडी घरी आली आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर बेतली. चंद्रभागेच्या घरात एकच बोर्ड, तोही बारीक भोकांचा. मी कसा बसणार? गोमाजीनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, कानस हाय. पिना घासून बारीक करताव ना."

माझ्या अंगावर काटाच आला.

"घासू नकोस," काका म्हणाले.

"मंग प्लग काढून उगड्या वायरी खुपसतो, वरून आगपेटीच्या काड्या मारतो. आमचा रेडिओ तसाच चालतो."

"रेडिओ विजेचा एक थेंब पितो रे. या बॅटऱ्या घटाघटा पितात. बारीक भोकांमागची वायरही बारीक. तिच्यातून एवढी वीज ओढलीस तर ती तापेल आणि भिंतीत पेटेल. प्लग जाड केलाय तो याचसाठी. बसत नाही म्हणजे तो तुला नको म्हणतोय."

मग मला हातात धरून त्यांनी तिसरी पिन दाखवली, सगळ्यात जाड आणि लांब. ही पिन एरवी काही काम करत नाही. पण वीज चुकून गाडीच्या लोखंडात उतरली, तर बाईला झटका बसू न देता हिच्या वाटेनं ती जमिनीत जाते, म्हणून ही सगळ्यांच्या आधी आत शिरते. मी चाट पडलो. इतके दिवस ती पिन माझ्या अंगावर होती आणि मला तिचं काम माहीत नव्हतं.

काकांनी मीटरपासून जाड वायर ओढून घेतली, जमिनीत अर्थिंग पुरलं आणि माझ्या मापाचा बोर्ड बसवला. रात्रभर माझ्यातून वीज गेली. सकाळी चंद्रभागेनं हँडलची मूठ पिळली, चाकं फिरली आणि ती अंगणात गेली, एकटी. काही तापलं नाही, धूर नाही, वाफ नाही. माझ्यातून गेलेली वीज बाईला घेऊन चालली होती. चंद्रभागा तोंडावर पदर धरून रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

आता गोमाजीचा पराक्रम ऐका. नारळी पौर्णिमेआधी कोळी आपल्या होडीला मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, लिव्हरचं तेल लावतात, लाकूड खाऱ्या पाण्यात टिकावं म्हणून. गोमाजीनं होडीला तेल लावलं आणि उरलेलं बहिणीच्या गाडीला. सांधे, साखळी, आणि खारी हवा लागून गंजू नयेत म्हणून माझ्या पिनासुद्धा. वर मला चुलीजवळ टांगून वाळवलं. पिनांवर घट्ट चिकट साय धरली. रात्री मला बोर्डात लावलं, पण सायीतून वीज जाईना. चार्जरचा काटा जागचा हलला नाही, आणि अंधारात तो कोणी पाहिला नाही. मी ओरडून सांगणार तरी कसं?

पौर्णिमेनंतरची पहिली सकाळ. गोमाजी खाडीत गेलेला. चंद्रभागा नवं लुगडं नेसून, पाटी पुढ्यात घेऊन निघाली. गाडीची गंमत बघायला हरिहरकाका मागून पिशवी घेऊन येत होते. बाजाराच्या चढावर मोटर कण्हली आणि गाडी थांबली. काकांनी आणि दोन-तीन कोळणींनी ढकलत ती आत नेली. खांबाजवळ पाहतो तर दगडाबाईची पाटी थेट मधोमध.

"आज ढकलली," दगडाबाई म्हणाली. "उद्याला कोन ढकलील? आपल्या बळानं येशील तं जागा तुजी. नाय तं जागा माजी."

काकांनी मला हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि एकदम हसू लागले. "चंद्रभागे, याला मुशीचा वास येतोय."

मग तिला उमगलं. "माज्या भावानं होडीची माया गाडीला लावली," ती म्हणाली. तिनं पाटीतला कोयता घेतला आणि पापलेटची खवलं काढावीत तशा माझ्या पिना खरवडल्या, एकेक, पितळ लखलखेपर्यंत.

पण पिना लखलखून काय उपयोग? लावायचं कुठे? घर लांब, चढाखाली. तेवढ्यात काकांची नजर खांबावर गेली. तिथे दगडाबाईचं बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं. त्याचा बोर्ड जाड, तीन भोकांचा.

दगडाबाईनं काकांकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं, चंद्रभागेच्या निर्जीव पायांकडे पाहिलं. मग बटण बंद करून स्वतःच्या हातानं यंत्राचा प्लग उपटला. "लाव. बगू तं दे, तुजी गाडी केवडी वीज खाते."

आणि मी बसलो. त्या बोर्डाला मी कधी पाहिलं नव्हतं. ज्यानं तो बर्फासाठी बसवला त्याला चंद्रभागा ठाऊक नव्हती, ज्यानं मला घडवलं त्याला हा खांब ठाऊक नव्हता. दोघं एकमेकांना कधी भेटले नसतील. तरी पिना अशा अलगद आत गेल्या, जणू मी घरीच आलो. चार्जरचा काटा उठला. त्या दिवशी मला कळलं की माप म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना आधीच देऊन ठेवलेला शब्द आहे.

दुपारी बाजार उठला तेव्हा चंद्रभागेनं मूठ पिळली. गाडी चालली, खांबाला वळसा घालून परत जागेवर आली. दगडाबाईनं आपली पाटी उचलली आणि सरकवली, पूर्वी होती तिथे.

याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या अंगाला तडा गेलाय, त्यावर काळी पट्टी आहे, एक पिन हलते. काकांनी पिशवीतून नवा प्लग आणलाय, संध्याकाळी बदलणार आहेत. जाता जाता एवढंच मागणं आहे. प्लग बसत नसला तर त्याला कानस लावू नका, वायरींना काड्या मारू नका. त्याच्या मापाचं घर शोधा.

नव्याची मला काळजी नाही. सकाळी चंद्रभागेनं त्याला सहज खांबावरच्या बोर्डात लावून पाहिलं, अलगद बसला. तो खडवली गावच्या दुकानातला, कुठल्या कारखान्यातला कोण जाणे. बर्फाच्या यंत्राचा प्लग दगडाबाईनं न सांगताच काढून ठेवला होता.