बिब्याची धुरी

मुंजाबाला बिबा उतत नसे, आणि त्याचाच त्याला माज होता. दुसऱ्या कुणाच्या अंगाला बिब्याचा चीक लागला की फोड यायचे, तोंड सुजून डोळे मिटायचे. हा गडी मात्र चिकाचे हात खुशाल धोतराला पुसायचा.

चिकलठाण्याच्या माळावर कारखान्याची मोजणी आली, तसा जमीन जायच्या आधी विकून घ्यावा म्हणून त्यानं बांधावरचा बिबा आडवा केला. त्याच झाडाची वाळकी फुलं खाऊन त्याची पोरं वाढली होती. त्याच्याच गोडंबीचे लाडू बाळंतीण सून आशाबाई खात होती. बायको सुगंधाबाई कळवळली.

"अवं, बिबा कुणी सरपणाला तोडतं व्हय? धुरानं माणूस आंधळं व्हईल!"

"वखारवाल्याला वळखू यील तवा ना!" मुंजाबा हसला आणि ढलप्यांची साल सोलत बसला. सोललेल्या ढलप्या त्यानं बाभळीच्या ढिगाशेजारी रचल्या.

गाढवापुढं वाचली गीता! सुगंधाबाई धुसफुसत मेंढरं घेऊन गेली.

दुपारी परतली तर कुडातून काळा धूर निघत होता. आत खाटेवर आशाबाई आणि नऊ दिवसांचा नातू, खाटेखाली शेगडी. मालीशवाली वच्छलाबाई शेक देत होती.

"वच्छलाबाय, काय घातलं शेगडीत?"

"भाईरच्या ढिगातलंच की. आत्ताच घातलं, लई तडतडतंय."

सुगंधाबाईनं जळती शेगडी, धूर तोंडावर घेत, तशीच हातांनी उचलली आणि अंगणात भिरकावली. "लेकराला वाऱ्यावर न्या!" ती किंचाळली.

बिबा लागलीच उतत नाही, वाट बघायला लावतो. सकाळी तिचे हात फोडांनी भरले होते, तोंड सुजून डोळे गच्च मिटले होते.

"लेकरू कसंय?"

"बरंय, आत्याबाई," आशाबाई म्हणाली.

तिचा विश्वास बसेना. या घरात मरायला टेकलेल्या मेंढरालाही बरंय म्हणत. "माझ्या कानापाशी पाज त्याला."

तोंड सुजलं असतं तर पोराला ओढता आलं नसतं. चुटुचुटु आवाज आला, मध्येच एक हुंकार. तिला रडू फुटलं. मग एकदम तिला सोललेल्या ढलप्या आठवल्या.

"बाकीची लाकडं कुठंयत?"

मुंजाबा उंबऱ्यात उभा होता. "कालच दिली. तू मेंढराकडं गेलीस तवा. गाडीत मावली नाय तेवढीच घरी राह्यली."

"कुणाला दिली?"

"उस्मानपुऱ्याच्या वखारीला. बाभूळ म्हणून."

"अवं, तिथून कुणीबी नेईल! कुणाच्या घरी बाळंतीण असंल!"

सुगंधाबाई भिंत चाचपत दारात आली.

"गाडी जुपा. मी संगं येते. माझं तोंड बघितल्याबिगर वखारवाला तुमच्यावर इश्वास ठेवायचा नाय."